बोरघाटातली वेळ आणि मनगटावरची उंची

फेवर ल्युबा या स्विस कंपनीने १९६२ मध्ये एक अजब मनगटी घड्याळ बाजारात आणलं. नाव ‘बिवॉक’. गिर्यारोहक डोंगरात उघड्यावर रात्र काढतात, त्या मुक्कामाला युरोपात हा शब्द आहे. या घड्याळात तास-मिनिटांच्या काट्यांबरोबर आणखी एक काटा होता. तो वेळ दाखवत नसे. घालणारा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर उभा आहे ते तो सांगे, आणि भोवतालच्या हवेचा दाबही. दोन्ही दाखवणारं हे पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ मानलं जातं. ध्रुवप्रदेशाचा फ्रेंच संशोधक पॉल-एमिल व्हिक्टर आणि इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाटी यांच्या मनगटांवर ते होतं, हे त्याच्या कीर्तीत भर घालायला पुरेसं झालं.

आज ते मूळ रूपात नवीन मिळत नाही. जुन्या घड्याळांच्या बाजारात अधूनमधून एखादा नग निघतो आणि मग घाटमाथ्यावरच्या हौशी माणसाची झोप उडते. लोणावळ्यात राहणारा, रविवारी लोहगड-विसापूर करणारा, खिशात जेमतेम पैसे असलेला माणूस अशा घड्याळापाशी अडला की त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: घ्यावं का?

घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं. वेळ मोबाइल सांगतो, उंचीही मोबाइलच सांगतो. गडांच्या उंच्या पुस्तकांत छापलेल्या आहेत. घड्याळ जाड, रोज चावी द्यावी लागणारं, आणि दुरुस्त करणारा कारागीर शोधायला पुण्या-मुंबईच्या गल्ल्या पालथ्या घालाव्या लागणार. शिवाय हवेचा दाब मोजायचा तर हवा आत जायला वाट ठेवावीच लागते. हवेची वाट ती ओलाव्याचीही वाट. आणि राहायचं कुठे, तर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

हे सगळं खरं आहे. पण वेळ आणि उंची या दोन गोष्टींनी बोरघाटात गेली दोनशे वर्षं माणसांना जे नाचवलं आहे, ते पाहिलं की या घड्याळाकडे बघायची नजर थोडी बदलते.

घाटातली जुनी वेळ घटकांची. साठ घटकांचा दिवस, म्हणजे चोवीस मिनिटांची एक घटका. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नघटिका साधायला हे घटिकापात्र असे, वाड्यांतून आणि देवळांतून असे. घाट चढणाऱ्या हमालाला किंवा बैलवाल्याला त्याची गरज नव्हती. त्याचं मोजमाप उजाडण्यापासून ऊन चढण्यापर्यंत. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेण्यासाठी घाटाची वाट सुधारली. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने गाडीरस्ता खुला केला आणि चाकं घाटावर चढू लागली. तरीही मुंबई-पुणे प्रवासात मिनिटाला काही किंमत नव्हती.

ती आणली आगगाडीने. जी.आय.पी. रेल्वेची पुण्याकडची बाजू आधी तयार झाली. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला घाट मात्र तसाच उरला होता. त्यामुळे काही वर्षं प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीत, मेण्यात किंवा तट्टावर बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. वर गाडी वेळापत्रकाने सुटणार आणि प्रवासी भोयांच्या पावलांनी येणार! दोन काळ एकमेकांना धडकतात ते असे.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पंधरा-सोळा मैलांच्या लांबीत १,८३१ फूट चढायचं होतं, म्हणजे ५५८ मीटर. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि सर्वात कठीण जागी ३७ फुटांना एक फूट असा चढ. ऐन जोरात काम चालू असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगराला चिकटलेले होते. पटकी आणि तापाने त्यांतली किती माणसं गेली याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोहोचला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावावर घेऊन काम पुरं करवून घेतलं. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. चढाच्या मध्ये एका ठिकाणी वळायलाही जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून उलट दिशेने पुढे काढावी लागे. ही उलटापालट १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली.

गाडी आली आणि तिच्याबरोबर परकी वेळ आली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. मद्रासची सुमारे ५ तास २१ मिनिटं पुढे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरच्या रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबईकर आपल्या घड्याळाप्रमाणे निवांत निघाला तर त्याची गाडी अर्धा तास आधी गेलेली असायची. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरावरही मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला. हे तेच फर्ग्युसन, पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं. मुंबईकरांनी दाद दिली नाही आणि दोन वर्षांत सरकारला हा नाद सोडावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची वेळ आता ३९ मिनिटं मागे पडली. गिरण्यांमध्ये कामगार भडकले, सभा झाल्या, अर्ज-विनंत्या झाल्या. रेल्वे आणि तारखातं प्रमाणवेळेवर गेलं, मुंबई शहर मात्र आपल्या वेळेला चिकटून बसलं. तेही १९५५ पर्यंत! स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी मुंबईत ‘बाँबे टाइम’ जिवंत होता. हवापालटासाठी खंडाळ्याला बंगले बांधणारे शेठ, पारशी कुटुंबं आणि मुंबईचे वकील-डॉक्टर जुन्या वेळेची घड्याळं खिशात घालून लोणावळ्याच्या फलाटावर उतरत, तेव्हा तिथलं घड्याळ त्यांच्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे असे. रेखांशाने पाहिलं तर दोघंही चूक. लोणावळ्याचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा जेमतेम अडीच मिनिटं आधी माथ्यावर येतो, आणि प्रमाणवेळेपेक्षा छत्तीस मिनिटं उशिरा. या स्टेशनावर खरी वेळ सांगणारं घड्याळ शंभर वर्षांत एकही नव्हतं, आणि आजही नाही.

घड्याळ विकणाऱ्यांचं मात्र यात भलं झालं. फेवर ल्युबाचं मूळ १७३७ सालचं, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचं. पण १८६५ मध्ये, म्हणजे बोरघाट खुला झाल्यावर दोनच वर्षांनी, ही मंडळी मुंबईत व्यापाराला येऊन बसली. १८८६ मध्ये मुंबईतच वेस्ट एंड वॉच कंपनी सुरू झाली आणि तिची ‘सोवार’ घड्याळं पलटणींपासून रेल्वे नोकरांपर्यंत पसरली. पुढे मराठी घरांत जावयाच्या मनगटावर ‘फेवर ल्युबा’ चढवणं ही ऐपतीची खूण झाली. उच्चार आपला, स्पेलिंग त्यांचं. त्या कंपनीचं नाव घाटावर माहीत नसलेलं घर विरळा. पण तिचं उंची सांगणारं घड्याळ पाहिलेला माणूस त्याहून विरळा. कारण ते निघालं तेव्हा आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आणि १९६१ मध्ये बंगळूरच्या एचएमटीने आपली घड्याळं काढायला सुरुवात केली होती. तिचं ‘जनता’ घड्याळ मिळवायलाच लोक वाट पाहत. डोंगराची उंची मोजणारं स्विस घड्याळ कोण मागवतो!

आणि गंमत अशी, की ज्याला ते शोभलं असतं तो माणूस त्या काळात मावळातच होता. तळेगाव दाभाड्याला राहणारे गो. नी. दांडेकर तेव्हा गडकोटांच्या वाटा तुडवत होते. राजमाचीवर बेतलेली त्यांची ‘माचीवरला बुधा’ १९५८ची. त्या वाटांवर उंची मीटरमध्ये कुणी विचारत नसे. वाटाड्याला किती राहिलं म्हणून विचारलं की ‘हे काय, आलंच’ हेच उत्तर, आणि त्यानंतर आणखी तासभर चढ.

उंची मोजायचा छंद मात्र दख्खनला नवा नाही, आणि या घड्याळाची खरी वंशावळ इथेच सापडते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सर्वांगीण माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. पिकं, पाऊस, जनावरं, पक्षी, माणसं, काहीच त्याने सोडलं नाही. त्याच्या नावाचा चंडोल आपल्या माळरानांवर आजही गातो. साइक्सपाशी पाऱ्याचे वायुभारमापक होते. तीन फुटांच्या आसपास लांब काचेची नळी, तिच्यात पारा, आणि ती घेऊन डोंगर चढायचा. घोड्याचा एक धक्का बसला की नळी गेली. या फुटक्या नळ्यांना कंटाळूनच की काय, त्याने साध्या तापमापकाने उंची मोजण्यावर पुढे एक लेख लिहिला: भांड्यात पाणी उकळायचं, ते किती अंशांवर उकळतं ते पाहायचं आणि त्यावरून उंची काढायची. समुद्रकाठी शंभर अंशांवर उकळणारं पाणी लोणावळ्यात साधारण ९८ अंशांवरच उकळतं.

पण साइक्सचं महत्त्वाचं काम वेगळंच आहे. १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा दख्खनच्या ‘वातावरणातील भरती-ओहोटी’वरचा प्रबंध छापून आला. वर्षानुवर्षं नोंदी करून त्याने दाखवलं, की इथे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाला तो सर्वांत जास्त, दुपारी चार-पाचला सर्वांत कमी. रात्री दहाच्या सुमारास पुन्हा वर आणि पहाटे चारला पुन्हा खाली. ऋतू बदलो, पाऊस येवो, हा क्रम सुटत नाही. याला चंद्र कारण नाही. सूर्याच्या उष्णतेने वरच्या वातावरणात जी लाट उठते ती पृथ्वीभर फिरते आणि विषुववृत्ताच्या जवळच्या मुलखात तिचा जोर जास्त जाणवतो. त्याच्याआधी जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्टने दक्षिण अमेरिकेत लिहून ठेवलं होतं, की उष्ण कटिबंधात नुसत्या पाऱ्याकडे पाहून पाव तासाच्या फरकाने वेळ सांगता येते.

म्हणजे वायुभारमापक हेच एक घड्याळ आहे.

फ्रेंच संशोधक ल्युसियाँ व्हिदी याने १८४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी काढून टाकली. तिच्या जागी पातळ पत्र्याची, आतली हवा काढून घेतलेली डबी बसवली. बाहेरचा दाब वाढला की डबी चेपते, कमी झाला की फुगते, आणि ती हालचाल तरफांनी मोठी करून काट्याला दिली जाते. आधी ती भिंतीवर आली, मग खिशात आली, आणि ‘बिवॉक’मध्ये मनगटावर. उंची वाढली की दाब कमी होतो. म्हणून दाबाच्या तबकडीभोवती उंचीचे आकडे कोरलेलं कडं बसवलं की झालं. माहीत असलेल्या जागी कडं फिरवून उंची जुळवून घ्यायची आणि चालू लागायचं.

आता हिशेब पाहा. ‘बिवॉक’चा काटा एका फेऱ्यात तीन हजार मीटर दाखवतो. तबकडीवर मिनिटांच्या साठ खुणा. म्हणजे एका खुणेला पन्नास मीटर. कर्जतला गाडी थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, फलाटावर वडे खाऊन होतात आणि गाडी पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल असं करत वर सरकते. बर्कलीच्या त्या १,८३१ फुटांत काटा अकरा खुणांहून थोडा जास्त फिरेल. जगात फार थोड्या ठिकाणी गादीवर बसून, चहा पीत, इतका काटा फिरताना पाहायला मिळतो. मळवलीहून भाज्यामार्गे १,०३३ मीटर उंचीच्या लोहगडावर गेलं तर आणखी आठेक खुणा.

आणि चूक? साइक्सच्या भरती-ओहोटीने दाब सकाळ-दुपारमध्ये तीन-चार मिलिबार हलतो. या उंचीवर एका मिलिबारला साधारण नऊ मीटर. म्हणजे घरी खाटेवर पडलेलं घड्याळ दुपारी चारला सकाळपेक्षा तीसेक मीटर उंच चढलेलं असतं. काटा अर्ध्या खुणेहून थोडा जास्त सरकतो. डोळे चांगले असतील तर दिसतो. त्याहून मोठी थाप ऋतू मारतो. जानेवारीतला जास्त दाब आणि आषाढातला कमी दाब यांत आठ-दहा मिलिबारांचं अंतर पडतं. संक्रांतीला जुळवून ठेवलेलं घड्याळ आषाढी एकादशीला न हलता सत्तर-ऐंशी मीटर उंचीवर गेलेलं असेल. अंथरुणात पडल्या पडल्या एवढा चढ!

जो हे घड्याळ उंची कळावी म्हणून घेणार आहे, त्याने ते घेऊ नये. धुक्यात हरवलेल्याला त्याचा उपयोग नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री दरीत उतरतात तेव्हा त्यांना अडकलेल्या माणसाचं मोबाइलवरचं ठिकाण आणि दोर लागतो, स्विस काटा लागत नाही. हौशी मंडळी ‘प्रोफेशनल गिअर’ या नावाखाली स्वतःची जी समजूत घालतात, ती इथे चालणार नाही. पण हे घड्याळ चुकतं ते कशामुळे, हे ज्याला पाहायचं आहे, त्याच्यासाठी मावळाइतकी चांगली जागा नाही. दोनशे वर्षांपूर्वी तीन फुटी काचेची नळी सांभाळत साइक्सने दख्खनमध्ये जे पाहिलं, तेच इथे मनगटावर दिसतं. ज्या घाटात वेळच कधी एकमताची नव्हती, तिथे उंचीने थोडं हलावं यात वावगं काय?

बाजाराचं सांगायचं तर सावध राहावं. फेवर ल्युबा कंपनी दरम्यान अनेक हातांतून गेली. २०११ मध्ये टायटनने ती घेतली, २०१७ मध्ये नऊ हजार मीटरपर्यंत मोजणारा ‘बिवॉक’चा नवा अवतार काढला, आणि अलीकडे ती इथोस समूहाकडे गेली. नव्याची किंमत हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर म्हणून तो जुन्याकडे वळतो. पण मुंबईच्या चोरबाजारापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत जुन्या फेवर ल्युबा घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र जोडून विकायची कला इतकी पक्की आहे, की परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अक्षरं जाड, रंग जरा जास्तच चकचकीत, आणि मागच्या झाकणाशी पुढच्या तबकडीचा मेळ नाही, अशी घड्याळं ओळखायला फार अक्कल लागत नाही. मोह आवरायला लागते.

उंचीचा काटा जिवंत आहे की नाही हे दुकानातच कळतं. घड्याळ हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालावं, पिशवीत हवा भरून तोंड बंद करावं आणि हलकेच दाबावं. दाब वाढला की उंची कमी झाल्याचं दिसलं पाहिजे, पिशवी सोडली की काटा जागेवर आला पाहिजे. काटा ढिम्म राहिला तर डबीला भोक पडलं आहे असं समजावं. ती बदलून देणारा कारागीर मिळणं कठीण आहे, तेव्हा विक्रेता कितीही गोड बोलला तरी उठावं. काटा हलला, तबकडी मूळची असली आणि घरचा हप्ता, शाळेची फी, पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी यांतलं काही अडत नसलं, तर घ्यावं. मृग लागला की कोरड्या डब्यात बंद करून ठेवावं आणि दिवाळीनंतर काढून, लोणावळ्याच्या फलाटावर, स्टेशनच्या पाटीवर लिहिलेल्या उंचीशी पुन्हा जुळवून घ्यावं.